क्रिकेटच्या जुन्या वस्तू जमवताना हाताशी कोणती पुस्तकं असावीत?

आमच्या घरी माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. मेहकर-लोणार रस्त्यावरच्या सुलतानपुरात ऐंशी-नव्वदच्या दशकांत जेवढं क्रिकेट पोचलं, तेवढं बहुतेक सगळं त्या डब्यात मावलं. बिग फन बबलगमसोबत मिळणारी कार्डं, ‘एकच षटकार’मधून कापून ठेवलेली चित्रं, सी. के. नायडूंचं टपाल तिकीट आणि नात्यातल्या एकाने नागपूरहून आणून दिलेल्या सामन्याच्या तिकिटाचा अर्धा तुकडा. पुढे वयाच्या चाळिशीत तो डबा पुन्हा उघडला, तेव्हा एकेक वस्तू हातात घेऊन मी अडत गेलो. ही कधीची? हिच्या मालिकेत एकूण किती? ही अस्सल की मागाहून छापलेली? एकाही प्रश्नाचं उत्तर मला धड देता येईना.

संग्राहकाला पुस्तकं लागतात ती या प्रश्नांसाठी. वस्तू मिळायला नशीब लागतं, थोडा पैसा लागतो. मिळालेली वस्तू ओळखायला मात्र संदर्भग्रंथच लागतो. गेल्या काही वर्षांत क्रिकेटच्या जुन्या कागदांचा आणि कार्डांचा नाद लागलेली माणसं आपल्याकडे वाढली आहेत. पुण्यात रोहन पाटे यांचं ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय २०१२ पासून उभं आहे. ते पाहून परतणाऱ्या मुलांना आपलंही काहीतरी जमवावंसं वाटतं. अशा नव्या-जुन्या संग्राहकांसाठी उपयोगी पुस्तकांचा हा आढावा. त्यात एक गोष्ट सतत जाणवत राहते, ती आधीच सांगतो: परदेशी कार्डांची नोंद शंभर वर्षांत नीट झाली; आपल्या वस्तूंची नोंद अजून आपणच करायची आहे.

सूची: सगळ्याचा पाया

संग्रहाच्या जगात पहिलं पुस्तक म्हणजे सूची. कोणत्या कंपनीने, कोणत्या साली, किती कार्डं काढली, एवढं सांगणारी कोरडी यादी. पण या यादीवाचून पुढचं काहीच चालत नाही. तिचं सगळ्यात मोठं उदाहरण क्रिकेटच्या चुलत खेळातलं, अमेरिकेतल्या बेसबॉलचं आहे.

जेफरसन बर्डिक हा न्यू यॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावचा माणूस. विजेचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, सांधेदुखीने बोटं आखडलेली, घरची श्रीमंती नाही. सिगारेटच्या पाकिटांत आणि गोळ्या-चॉकलेटांबरोबर येणारी कार्डं तो जमवायचा. १९३९ साली त्याने त्यांची पहिली सूची छापली. तीच पुढे ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ म्हणून ओळखली गेली. त्याची पद्धत साधी होती. एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखू कंपन्यांच्या कार्डांना एक अक्षर, विसाव्या शतकातल्यांना दुसरं, बबलगमच्या कार्डांना तिसरं, आणि अक्षरापुढे मालिकेचा आकडा. आज जगातलं सगळ्यात गाजलेलं बेसबॉल कार्ड, १९०९ ते १९११ दरम्यानच्या मालिकेतलं होनस वॅगनरचं, ‘टी-२०६’ म्हणून ओळखलं जातं. ते नाव कंपनीने दिलेलं नाही. बर्डिकच्या सूचीतला तो क्रमांक आहे. २०२२ साली या कार्डाची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली, आणि त्या व्यवहाराच्या कागदांवरही त्या कारखान्यातल्या कामगाराने दिलेला क्रमांकच होता.

बर्डिकने आपली तीन लाखांहून अधिक कार्डं न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली आणि पुढची कित्येक वर्षं स्वतः तिथे बसून ती वह्यांत चिकटवली. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचं कार्ड चिकटवून झालं. मार्चमध्ये तो गेला. सूची करणाऱ्या माणसाचा वारसा इतका टिकाऊ असतो.

बेसबॉलच्या संग्राहकाच्या टेबलावर त्यानंतर दोन पुस्तकं आली: जेम्स बेकेट आणि डेनिस एकीस यांचं १९७९ चं किंमत-मार्गदर्शक आणि क्राउझ प्रकाशनाचा ‘स्टँडर्ड कॅटलॉग ऑफ बेसबॉल कार्ड्‌स’. पहिल्याने बाजारभाव छापायची रीत पाडली, दुसऱ्याने जुन्यात जुन्या मालिकांची तपशीलवार वर्णनं एकत्र आणली. आपल्याला ही पुस्तकं कार्डांसाठी लागणार नाहीत. पण वर्णन कसं करावं, मोजमाप कसं लिहावं, पाठीमागच्या मजकुराचे प्रकार कसे वेगळे दाखवावेत, हे शिकायला त्यांच्याइतका चांगला गुरू नाही.

मोजमाप का महत्त्वाचं, ते वॅगनरच्याच एका प्रतीवरून कळतं. सगळ्यात सुंदर म्हणून नावाजलेली ती प्रत कडेने कापून नीट केलेली होती. बिल मास्ट्रो या लिलावदाराने २०१३ साली न्यायालयात तशी कबुली दिली. कार्डाची मूळ लांबी-रुंदी सूचीत नोंदलेली असते, म्हणूनच कापलेलं कार्ड पकडता येतं.

सिगारेटच्या पाकिटातलं क्रिकेट

क्रिकेटच्या कार्डांचं माहेर इंग्लंड. विल्स कंपनीने १८९६ साली क्रिकेटपटूंची ५० कार्डांची मालिका काढली. पुढे प्लेअर्स, गॅलाहर वगैरे कंपन्यांनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा प्रकार चालू ठेवला. रणजितसिंहजी आणि दुलीपसिंहजी इंग्लंडकडून खेळत असल्यामुळे त्यांची चित्रं या पाकिटांत आली. म्हणून भारतीय संग्राहकाची पहिली ओढ साहजिकच या दोघांच्या कार्डांकडे असते.

या प्रांतात तीन प्रकारचे संदर्भ आहेत. लंडन सिगारेट कार्ड कंपनी १९२७ साली स्थापन झाली आणि तिची किमतींसह सूची पिढ्यान्‌पिढ्या निघत राहिली. मरे कार्ड्‌स या दुसऱ्या व्यापाऱ्यांचं वार्षिकही तितकंच वापरात असतं. ही दोन्ही पुस्तकं मालिकेचं नाव, साल, कार्डांची संख्या आणि भाव देतात. कोणत्या कार्डावर कोण खेळाडू, ते बहुधा देत नाहीत. खोलात जायचं असेल तर १९३८ साली स्थापन झालेल्या ब्रिटनच्या कार्टोफिलिक सोसायटीचे ग्रंथ बघावेत. एकेका कंपनीवर त्यांची स्वतंत्र पुस्तकं आहेत, शिवाय जगभरच्या तंबाखू कार्डांचा त्यांचा निर्देशांकही आहे. एडवर्ड व्हार्टन-टायगर या संग्राहकाची दहा लाखांहून अधिक कार्डं ब्रिटिश म्युझियमकडे गेली, तेव्हा ती लावायला हीच क्रमांकपद्धत कामी आली असणार, असं ही पुस्तकं चाळताना वाटत राहतं.

ही पुस्तकं नसली की काय होतं, ते मी पैसे मोजून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून रणजींचं विल्सचं कार्ड मी फोनवर बोलून मागवलं. कार्ड आलं, देखणं होतं, महिनाभर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. मग एका जाणकाराने सांगितलं म्हणून घड्याळजीकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं आणि दारात उन्हाला बसून बघितलं. रणजींच्या गालावर रंगीत ठिपक्यांची फुलं फुलं दिसली, एकाच मापाची, रांगेत बसवलेली. अशी ठिपक्यांची जाळी आजच्या ऑफसेट छपाईत येते. त्या काळची रंगीत कार्डं शिळाछापाची. त्यांत ठिपके असले तरी लहानमोठे, हाताने टिंबं द्यावीत तसे विखुरलेले, आणि रंगावर रंग सपाट चढवलेले असतात. माझं कार्ड मागाहून काढलेली नक्कल होती. नक्कल काढण्यात गैर काही नाही. जुन्या मालिकांची पुनर्मुद्रणं उघडपणे विकली जातात आणि सूचीत त्यांची नोंदही असते. मी सूची आधी पाहिली असती तर विक्रेत्याला नेमका प्रश्न विचारला असता.

विस्डेन: संदर्भही, संग्रहाची वस्तूही

क्रिकेटच्या संग्राहकाला एकच ग्रंथमाला घ्यायची असेल तर ती ‘विस्डेन’. जॉन विस्डेन या गोलंदाजाने १८६४ साली ती सुरू केली. पहिल्या अंकात क्रिकेटबरोबर घोड्यांच्या शर्यतीतले विजेते आणि इतिहासातल्या लढायांच्या तारखाही होत्या. मुखपृष्ठावरचं एरिक रॅव्हिलिअसचं लाकूडठशाचं चित्र १९३८ पासूनचं. एवढ्या एका खुणेवरून मुखपृष्ठ शाबूत असलेली प्रत त्याच्या आधीची की नंतरची, ते सांगता येतं.

विस्डेनचे सगळे अंक जमवणं आपल्यासारख्याच्या आवाक्याबाहेरचं आहे, आणि त्याची गरजही नाही. विदर्भातल्या माणसाने एक अंक मात्र जरूर मिळवावा: १९३३ चा. भारताने आपला पहिला कसोटी सामना २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्‌सवर खेळला, त्या दौऱ्याचा वृत्तान्त या अंकात आहे. आणि वर्षातल्या पाच मानाच्या खेळाडूंत आपल्या नागपूरचे सी. के. नायडू आहेत. १८९७ च्या अंकात हा मान रणजींना, १९३७ च्या अंकात विजय मर्चंट यांना आणि १९४७ च्या अंकात विनू मांकड यांना मिळाला. भारतीय संग्राहकाने या चार अंकांवर नजर ठेवली तरी पुरे.

विस्डेन घेण्याआधी वाचायचं पुस्तक म्हणजे जोनाथन राइस आणि अँड्र्यू रेनशॉ यांचं ‘विस्डेन कलेक्टर्स गाइड’. कोणत्या सालच्या अंकात काय विशेष आहे आणि बांधणी कशी होती, ते त्यात सालवार मिळतं. १९१६ चा अंक इतका दुर्मीळ का, तेही कळतं: युद्धाचं वर्ष, आणि त्यात डब्ल्यू. जी. ग्रेस आणि व्हिक्टर ट्रम्पर या दोघांचे मृत्युलेख. जुन्या अंकांच्या हुबेहूब प्रतिकृतीही निघालेल्या आहेत. वाचायला आणि संदर्भाला त्या मूळ अंकाइतक्याच कामाच्या. किंमत देताना मात्र आपण काय घेतोय ते ठाऊक हवं.

क्रिकेटवर छापलेली पुस्तकं, पुस्तिका, दौऱ्याची माहितीपत्रकं जमवणाऱ्याला ई. डब्ल्यू. पॅडविक यांची ‘बिब्लिऑग्राफी ऑफ क्रिकेट’ लागेलच. १९७७ मध्ये ती निघाली, १९८४ मध्ये वाढवून पुन्हा छापली गेली. त्यातल्या हजारो नोंदींना क्रमांक आहेत, आणि विलायतेतले जुन्या पुस्तकांचे विक्रेते पुस्तकापुढे सर्रास ‘पॅडविक क्रमांक’ टाकतात. बर्डिकने कार्डांसाठी केलं ते पॅडविकने पुस्तकांसाठी केलं.

आपल्याकडचे ग्रंथ

आता घरच्या शेल्फाकडे येऊ. इथे पुस्तकं थोडी आहेत, पण त्यांच्यावाचून भारतीय वस्तू ओळखताच येत नाही.

सगळ्यात आधी ‘इंडियन क्रिकेट’ हे मद्रासहून ‘द हिंदू’च्या मालकांनी काढलेलं वार्षिक. एस. के. गुरुनाथन त्याचे पहिले संपादक. १९४६-४७ च्या हंगामापासून अर्ध्या शतकाहून अधिक काळ ते निघालं. रणजी करंडकापासून कसोटीपर्यंतचे धावफलक त्यात आहेत. जुन्या तिकिटाची, माहितीपत्रकाची किंवा संघाच्या फोटोची तारीख ठरवायला हे वार्षिक हाताशी असावं.

माझ्या डब्यातल्या तिकिटाच्या तुकड्याचं उदाहरण देतो. उंदराने कोपरा खाल्लेला. साल गेलं, प्रतिस्पर्ध्याचं नाव गेलं. उरलं होतं ‘नागपूर’ आणि ‘३१ ऑक्टोबर’. नागपुरात पहिला कसोटी सामना १९६९ साली झाला आणि जामठ्याच्या नव्या मैदानावर कसोटी क्रिकेट गेलं ते २००८ मध्ये. म्हणजे शोधायला चार दशकं. वार्षिकाच्या अंकांतून ऑक्टोबरचे सामने चाळत गेलो. १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध, १९८३ मध्ये पाकिस्तानविरुद्ध, दोन्ही कसोट्या महिन्याच्या सुरुवातीच्या. मग १९८७ चा विश्वचषक: ३१ ऑक्टोबर, नागपूर, भारत विरुद्ध न्यूझीलंड. चेतन शर्माने लागोपाठ तिघांचे त्रिफळे उडवून विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक घेतली तो सामना. गावसकरांनी नाबाद १०३ धावांचं आपलं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक केलं तोही हाच. इतकी वर्षं मी हा तुकडा कागदाची चिंधी समजून ठेवला होता. वार्षिकाच्या एका पानाने त्याला जागा दिली. शिवाय ३१ ऑक्टोबर हा नायडूंचा जन्मदिवस, हेही मला तेव्हाच उमगलं.

स्वातंत्र्यापूर्वीच्या वस्तूंसाठी इतिहासाची पुस्तकं लागतात. पारशी क्रिकेटवर शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली लिहिलं, आणि जे. एम. फ्रामजी पटेल यांचं ‘स्ट्रे थॉट्‌स ऑन इंडियन क्रिकेट’ १९०५ मध्ये मुंबईत निघालं. वसंत रायजी स्वतः मुंबई आणि बडोद्याकडून खेळलेले, शंभर वर्षं जगून २०२० साली गेलेले इतिहासकार. त्यांचं ‘इंडियाज हॅम्बल्डन मेन’ आणि नायडूंवरचं पुस्तक, दोन्ही जुन्या खेळाडूंच्या फोटोंसाठी आणि बारीक तपशिलांसाठी फार मोलाची आहेत. रामचंद्र गुहा यांचं २००२ चं ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ पळवणकर बाळूंना त्यांची योग्य जागा देतं. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणाऱ्या या गोलंदाजाचं चित्र कुठे सापडलं तर ते काय मोलाचं आहे, ते गुहा वाचल्यावर कळतं.

या पुस्तकांतून एक साधं कोष्टक करून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावं. मुंबईच्या धर्मवार संघांच्या स्पर्धेत आधी युरोपियन आणि पारशी, १९०७ पासून हिंदू संघ, १९१२ पासून मुस्लिम संघ, १९३७ पासून ‘द रेस्ट’, आणि १९४५-४६ नंतर स्पर्धा बंद. पाच संघांची नावं असलेलं पत्रक कोणी १९३० चं म्हणून विकायला आणलं, तर हे कोष्टकच त्याला उत्तर देईल. तशीच मैदानं: ब्रेबॉर्नचं नाव असेल तर १९३७ च्या आधीचं नाही, वानखेडेचं असेल तर सत्तरच्या दशकाच्या मध्याआधीचं नाही.

मराठीतलं धन थोडं आहे, पण अस्सल आहे. बाळूंचे भाऊ पळवणकर विठ्ठल यांचं ‘माझे क्रीडा-जीवन’ हे १९४८ चं आत्मचरित्र हिंदू संघाच्या कर्णधाराने स्वतः सांगितलेली हकिकत आहे. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी संपादलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ क्रिकेटपुरता नाही. कुस्ती, मल्लखांब, आखाड्यांची परंपरा यांच्या पदकांचा किंवा फोटोंचा संग्रह करणाऱ्याला त्याच्यासारखा आधार नाही, आणि आपल्या जिल्ह्यातल्या घराघरांत क्रिकेटपेक्षा कुस्तीचीच जुनी पदकं जास्त निघतील. मराठी विश्वकोशातल्या खेळांवरच्या नोंदी आता फोनवरही फुकट वाचता येतात. फ्रामजी पटेलांसारखी हक्कमुक्त झालेली जुनी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर पानं उलटत वाचता येतात. सुलतानपुरात बसून ती वाचायला मिळतील, असं माझ्या लहानपणी कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

तिकिटं आणि भाव

टपाल तिकिटं जमवणाऱ्यांचं काम सर्वांत सोपं, कारण त्यांची सूची सर्वांत जुनी. स्टॅनली गिबन्सची सूची १८६५ पासून निघते आहे. क्रिकेटवरचं जगातलं पहिलं तिकीट १९६२ साली केप व्हर्दे बेटांनी काढलं. भारताने १९७१ च्या विजयांनंतर त्याच वर्षी २० पैशांचं तिकीट काढलं. नायडू, देवधर, मर्चंट आणि मांकड यांची चार तिकिटं १९९६ मध्ये आली, आणि तेंडुलकरांच्या दोनशेव्या कसोटीचं २०१३ मध्ये. चारातलं एक माझ्या डब्यात होतं. बाकी तीन आहेत हे सूचीने सांगितलं, आणि ती थोड्या पैशांत मिळालीही.

भावाच्या पुस्तकांबद्दल एवढंच सांगतो: छापलेला भाव सगळ्यात आधी शिळा होतो. जुनं किंमत-मार्गदर्शक रद्दीत मिळालं तरी घ्यावं, कारण त्यातलं वर्णन, मोजमाप आणि कार्डांची संख्या वर्षानुवर्षं कामी येते. आकडे मात्र बाजाराला विचारावेत.

न लिहिलेलं पुस्तक

सुरुवात करणाऱ्याने तीन पुस्तकं घ्यावीत: कार्डांसाठी सिगारेट कार्डांची कोणतीही एक सूची, तारखांसाठी ‘इंडियन क्रिकेट’चे मिळतील तेवढे जुने अंक, आणि माणसं समजून घ्यायला गुहा किंवा रायजी. बाकी हळूहळू येतात.

पण चौथं पुस्तक दुकानात मिळणार नाही. माझ्या डब्यातल्या बिग फनच्या कार्डांवर धावा आणि बळी छापलेले असायचे. ते जमवायचे, मोजायचे, एकमेकांत बदलायचे, यात आमच्या पिढीच्या दुपारी गेल्या. त्या कार्डांना बर्डिकचा क्रमांक नाही. मालिकेत किती कार्डं, कोणत्या साली कोणती निघाली, पाठीमागे किती प्रकार, हे एका जागी लिहून ठेवलेलं नाही. ‘एकच षटकार’च्या मधल्या पानांवरची चित्रं, तालुक्याच्या टेनिस बॉल स्पर्धांची पत्रकं, काडेपेट्यांवरचे खेळाडूंचे छाप, या सगळ्याची गत तीच.

आपल्याकडून हे कसं होणार, असं वाटलं की मला चेस्टर क्राउझ आठवतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या आयोला या लहानशा खेड्यातला तो सुतार. १९५२ साली त्याने घरून नाण्यांविषयीचं वृत्तपत्र सुरू केलं. १९७२ मध्ये त्याच खेड्यातून जगभरच्या नाण्यांची सूची निघाली. आपल्या शिवराईपासून हैदराबादच्या हाली शिक्क्यापर्यंतची नाणी आज ज्या ‘केएम’ क्रमांकाने ओळखली जातात, त्यातला ‘के’ म्हणजे क्राउझ. बेसबॉल कार्डांचा ‘स्टँडर्ड कॅटलॉग’ही याच घराण्याचा. आयोला आपल्या सुलतानपुराहून मोठं गाव नाही.

म्हणून मी शंभर पानी वही घेतली आहे. प्रत्येक कार्डाला एक ओळ: खेळाडू, पुढचं चित्र, मागे छापलेल्या धावा, लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, कुठे मिळालं. माझ्या डब्यातल्या त्रेचाळीस कार्डांच्या त्रेचाळीस ओळी झाल्या आहेत. तुमच्या माळ्यावरच्या डब्यात माझ्याकडे नसलेली कार्डं असणार. त्यांचीही एक वही करा. दोन वह्या एकमेकींशेजारी ठेवल्या की सूचीचं पहिलं पान तयार होईल.